तोच संगणक की दुसरा?

पहिल्यांदाच घरी संगणक जुळवायचा तर प्रोसेसर, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट आणि हे सगळे ज्याला जोडायचे तो मदरबोर्ड, एवढे भाग लागतात. यातला जवळजवळ प्रत्येक भाग पुढे बदलता येतो आणि बहुधा बदलला जातोच. आधी रॅम वाढते, मग ग्राफिक्स कार्ड येते, कधीतरी कॅबिनेटही नवे येते. मालक मात्र शेवटपर्यंत ‘आपला तोच पीसी’ असेच म्हणत राहतो. हे म्हणणे खरे आहे का, आणि खरे असेल तर कशाच्या बळावर, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी रथ, वस्त्र आणि दिव्याची ज्योत यांच्या निमित्ताने शतकानुशतके लढवला आहे. दार्शनिकांनी तो बदल होऊन गेल्यावर विचारला. संगणक जुळवणाऱ्याला त्याचे उत्तर बदलाच्या आधी, खरेदीच्या दिवशीच द्यावे लागते, आणि ते उत्तर म्हणजे त्याने निवडलेला मदरबोर्ड.

नाशिकच्या पंचवटीत हा प्रश्न जागोजागी समोर येतो. गोदावरीच्या डाव्या तीरावर, सीता गुंफेच्या आसपास पाच वड दाखवतात. ओळखता यावेत म्हणून त्यांना क्रमांकही दिलेले आहेत. हे वनवासातलेच वड का, याला श्रद्धा एक उत्तर देईल आणि वनस्पतिशास्त्र दुसरे. पण दोघांनाही वडाचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. पारंबी जमिनीला टेकते, रुजते, तिचेच खोड होते आणि मूळचे खोड कुजून गेले तरी झाड उभे राहते. पंचवटीच्या उत्तरेला म्हसरूळची गजपंथ टेकडी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईच्या रस्त्यालगत, त्रिरश्मी डोंगरावर बौद्ध लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. मधे रामकुंड, काळाराम, कपालेश्वर. बदलत्या वस्तूत काय टिकते, याची तीन वेगळी उत्तरे देणाऱ्या परंपरा या एका शहरात शेजारी शेजारी नांदल्या आहेत.

आधी बोर्ड काय ठरवतो ते पाहायला हवे, कारण तत्त्वचर्चा त्या तपशिलावरच उभी आहे. बोर्डाच्या मधोमध प्रोसेसरचे सॉकेट असते. इंटेलच्या एलजीए 1700 सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक 1700 पिना असतात आणि त्या बोर्डाच्या बाजूला असतात. प्रोसेसर तिरका टेकला किंवा हातातून निसटला, तर प्रोसेसर शाबूत राहतो आणि बोर्डाच्या पिना वाकतात. एएमडीच्या जुन्या एएम 4 सॉकेटमध्ये उलट होते, पिना प्रोसेसरच्या पोटाला असत. 2022 मध्ये आलेल्या एएम 5 मध्ये त्या बोर्डावर आल्या. सॉकेटच्या शेजारी रॅमचे स्लॉट असतात. डीडीआर 4 आणि डीडीआर 5 या दोन पिढ्यांच्या पट्ट्या लांबीला सारख्या दिसतात, पण त्यांची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. एलजीए 1700 चे बोर्ड दोन्ही प्रकारांत निघाले, मात्र एका बोर्डावर सहसा एकच प्रकार चालतो. एएम 5 ने डीडीआर 4 पूर्णपणे सोडली. त्याखाली ग्राफिक्स कार्डाचा लांब स्लॉट आणि एसएसडीसाठी एम.2 च्या जागा असतात. बोर्डाचा आकार कॅबिनेट ठरवतो: एटीएक्स 305 बाय 244 मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त 244 बाय 244, मिनी आयटीएक्स 170 बाय 170. थोडक्यात, इतर भाग संगणक आज काय करू शकतो ते सांगतात, आणि तो उद्या काय होऊ शकेल याची हद्द बोर्ड आखतो.

ही हद्द दिसते तशी असेलच असे नाही. इंटेलचे एलजीए 1151 सॉकेट 2015 मध्ये सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी आले. सातवी पिढीही त्यातच बसली. 2017 मध्ये आठवी पिढी आली तेव्हा सॉकेटचे नाव तेच होते, पिनाही 1151 च होत्या, तरी जुन्या बोर्डांवर ती चालली नाही. 300 मालिकेचा नवा बोर्ड घ्यावा लागला. त्याच वर्षी एएमडीचे पहिले रायझेन प्रोसेसर एएम 4 बोर्डांवर आले. ज्यांनी तेव्हा बी 350 चिपसेटचा साधा बोर्ड घेतला, त्यांच्यापैकी पुष्कळांना बायोस अद्ययावत करून 2022 चा रायझेन 7 5800 एक्स 3 डी त्याच बोर्डावर बसवता आला. एका बाजूला नाव आणि आकार तोच राहून आतला संबंध तुटला. दुसऱ्या बाजूला पाच वर्षांनंतरही तो टिकला. नाव आणि रूप सारखे म्हणून वस्तू तीच, असे मानणाऱ्याला याहून स्वच्छ खंडन क्वचितच मिळेल.

वस्तूची ओळख कशात आहे, हे कायद्याने आणि यंत्राने आपल्या परीने ठरवून टाकलेले आहे. तयार संगणकासोबत विंडोजचा जो ओईएम परवाना येतो, त्याच्या अटींनुसार रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड, अगदी प्रोसेसर बदलला तरी संगणक तोच राहतो. मदरबोर्ड मात्र क्षमता वाढवण्यासाठी बदलला, तर तो नवा संगणक ठरतो आणि परवाना नव्याने घ्यावा लागतो. तोच बोर्ड बिघडला म्हणून बदलावा लागला असेल, तर परवाना चालू राहतो. यंत्राच्या पातळीवरही असेच आहे. बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये त्या यंत्राचा स्वतंत्र ओळखक्रमांक नोंदलेला असतो. बिटलॉकरने कुलूपबंद केलेली डिस्क दुसऱ्या बोर्डाला जोडली, तर ती अनोळखी घरात आल्यासारखी रिकव्हरी की मागते. या हिशेबात बोर्ड म्हणजे अधिष्ठान, बाकी सगळे त्यावर येणारे-जाणारे.

पण हा हिशेब पुरा पडत नाही. समजा, जुन्या संगणकातली एसएसडी काढून नव्या बोर्डावर लावली आणि रिकव्हरी की घालून ती उघडली. पडद्यावर तेच चित्र, तेच फोल्डर, आईवडिलांच्या जुन्या फोटोंची तीच रांग. वापरणारा म्हणेल, हा माझाच संगणक. आता उलट करून पाहू: बोर्ड तोच ठेवला आणि एसएसडी कोरी करकरीत बसवली. परवान्याच्या दृष्टीने यंत्र तेच, पण ते मालकाला ओळखत नाही. काही साठवलेले नाही, काही आठवत नाही. म्हणजे ‘तेच’ असण्याचे दोन अर्थ आहेत. एक आधाराचे सातत्य, दुसरे स्मृतीचे. बहुतेक दिवस ही दोन्ही एकाच कॅबिनेटमध्ये राहतात, म्हणून त्यांतला भेद जाणवत नाही. विंडोजचा स्वतंत्र विकत घेतलेला परवाना एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. तिथे ओळख बोर्डातही नसते आणि डिस्कमध्येही नसते, ती मालकाच्या हक्काला चिकटलेली असते.

बौद्धांनी या तिन्ही उत्तरांवर बोट ठेवले असते. मिलिंदपञ्हात नागसेन भिक्खू आणि यवन राजा मिलिंद यांचा प्रसिद्ध संवाद आहे. नागसेन विचारतो: आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? हे सगळे मिळून रथ का? की याहून वेगळे काही? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की भाग जुळले असता ‘रथ’ हे नाव व्यवहारापुरते पडते. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. त्रिरश्मीच्या सतराव्या लेण्यातल्या शिलालेखात दाता म्हणून इंद्राग्निदत्ताचे नाव आहे: धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा योनक. ग्रीक वंशाचा माणूस बौद्ध भिक्खूंसाठी नाशिकला लेणे कोरवून घेतो, तेव्हा तो संवाद केवळ ग्रंथातला वाटत नाही. नागसेनाच्या मते बोर्डाला विशेष मान देण्याचे कारणच नाही. तोही तांब्याचे थर, चिप, कपॅसिटर आणि डाग यांचा समूह आहे. टिकते ती कार्यकारणाची अखंड धारा, एका क्षणाने पुढच्याला जन्म देत जाणारा संतान. या मतात मोठी मोकळीक आहे, पण एक अडचणही आहे: कुठला बदल मान्य करावा आणि कुठला नाही, हे केवळ धारेकडे बघून ठरत नाही. डिस्कवरची सगळी माहिती उतरवून शेजाऱ्याच्या यंत्रावर टाकली, तरी धारा अखंडच असते. म्हणून शेजाऱ्याचे यंत्र आपले होत नाही.

नैयायिकांनी इथेच पाय रोवले. गौतमाच्या न्यायसूत्रांत अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, ही अवयवांहून वेगळी आणि खरी आहे, यावर सविस्तर वाद आहे. केवळ तंतू म्हणजे वस्त्र नव्हे; तंतूंमध्ये समवायाने राहणारे वस्त्र हे स्वतंत्र द्रव्य. पुढे उदयनाचार्यांनी आत्मतत्त्वविवेकात क्षणभंगवादाचे बारकाईने खंडन केले आणि ‘तेच हे’ या प्रत्यभिज्ञेला प्रमाण मानले. गंमत अशी की हीच परंपरा वस्त्राच्या बाबतीत विलक्षण कडक आहे. एक तंतू निघाला की जुने वस्त्र नष्ट झाले आणि खंडपट, म्हणजे नवे वस्त्र, जन्माला आले, असे न्याय-वैशेषिक मत आहे. मग ‘तेच वस्त्र’ ही ओळख साधर्म्यामुळे होते इतकेच. हे मत काटेकोरपणे लावले तर रॅमची एक पट्टी बदलताच संगणक दुसरा झाला. ही टोकाची भूमिका प्रामाणिक आहे, पण तिच्यावर व्यवहार उभा राहत नाही.

गजपंथच्या वाटेवर मिळणारे उत्तर या पेचाला जास्त मानवते. उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रात सत् म्हणजे उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या तिन्हींनी युक्त असे. काहीतरी उपजते, काहीतरी जाते आणि काहीतरी टिकते, तेही एकाच वस्तूत, एकाच वेळी. द्रव्य टिकते, पर्याय बदलतात. शिवाय कुठल्या दृष्टीने विचारले यावर उत्तर अवलंबून असते, हे अनेकांताचे सूत्र इथे पळवाट म्हणून येत नाही. परवान्याच्या दृष्टीने यंत्र दुसरे, स्मृतीच्या दृष्टीने तेच, मालकीच्या दृष्टीनेही तेच, ही तीन विधाने एकमेकांना खोडत नाहीत. प्रत्येक विधानासोबत त्याची बाजू मात्र सांगावी लागते.

तरी एक कोडे उरते, आणि ते इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्सने 1655 च्या ‘दे कॉर्पोरे’ या लॅटिन ग्रंथात नेमके मांडले. अथेन्सकरांनी थिसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या. काढलेल्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर मूळ जहाज कोणते? घरोघरच्या संगणकांत हे प्रत्यक्ष घडते. मोठ्या भावाचा प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड एकामागून एक बदलत जाते. काढलेले भाग खोक्यात जमतात. शेवटी बोर्डही बदलला की त्या जुन्या भागांतून धाकट्या बहिणीसाठी एक पूर्ण संगणक उभा राहतो. भाग मोजले तर ‘तो’ संगणक आता बहिणीच्या टेबलावर आहे. भाऊ मात्र आपल्यापुढचाच ‘तो’ म्हणतो. दोघांचेही बरोबर असू शकते, पण एका कसोटीवर नाही.

ही कसोटी कुठून आणायची, याचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर तर्कग्रंथांपेक्षा कर्मकांडाने दिले आहे, असे म्हणावे लागते. मूर्ती जीर्ण झाली तर काय करावे, याचे नियम जीर्णोद्धार प्रकरणात येतात. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधू आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधू हे महाराष्ट्रात घरोघरच्या पुरोहितांनी वापरलेले ग्रंथ. दोन्हींत हा विषय आहे. मूर्ती हौसेने बदलता येत नाही, निमित्त लागते: ती भंगलेली, जळालेली, झिजलेली किंवा जागेवरून ढळलेली असावी लागते. मग देवतेचे आवाहन कलशात होते, जुन्या मूर्तीतून तत्त्व निघाले असे मानतात आणि नव्या मूर्तीत त्याची प्रतिष्ठा होते. अग्निपुराण सांगते की जुनी मूर्ती लाकडाची असेल तर अग्नीत, पाषाणाची असेल तर पाण्यात विसर्जित करावी. अनादिसिद्ध मानलेल्या लिंगांना मात्र, ती भंगली तरी, हा विधी लागू नाही. पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर सोहळा 2015 मध्ये झाला. नवे लाकडी विग्रह घडवले गेले, ब्रह्मपदार्थ त्यांत नेला गेला आणि जुने विग्रह कोइली वैकुंठात पुरले गेले.

या विधींत एक सूक्ष्म विचार आहे, आणि परवान्याच्या अटीतही तो नकळत उतरला आहे. बदल कशासाठी झाला, यावर वस्तू तीच राहिली की नाही हे अवलंबून असते. बिघडला म्हणून बदललेला बोर्ड ओळख राखतो. अधिक हवे म्हणून बदललेला राखत नाही. भौतिक क्रिया दोन्ही वेळी एकच आहे: तेच स्क्रू सुटतात, तीच चोवीस पिनांची वायर निघते. फरक हेतूत आणि आधी मान्य केलेल्या नियमात आहे. ओळख कुठल्या एका भागात दडलेली नसते; कोणते बदल पचवायचे आणि कोणते नाही, याचा संकल्प जिथे आधी झालेला असतो, तिथे ती असते.

पण संकल्प करण्याचा अधिकार कुणाला, हा प्रश्न त्यामागून येतोच, आणि पंचवटीत तो फार गंभीरपणे विचारला गेला आहे. संगणकाच्या उदाहरणाशी त्याची बरोबरी करता येणार नाही. प्रश्नाचा गाभा मात्र सामाईक आहे. काळारामाचे आजचे दगडी मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधले; त्याआधी त्या जागी लाकडी मंदिर होते असे सांगतात. लाकूड जाऊन दगड आला, तरी देव तोच राहिला, याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य मानले गेलेले स्त्री-पुरुष या मंदिराच्या दाराशी आले, तेव्हा मात्र दारे बंद झाली. भिंती बदलल्याने जे मंदिर बाटले नव्हते, ते माणसांच्या पावलांनी बाटेल, असे विरोधकांचे म्हणणे होते. मंदिराचे सारतत्त्व कोणते हे एका गटाने ठरवले, आणि ते सारतत्त्व म्हणजे बाकीच्यांना बाहेर ठेवणे. सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. 1947 मध्ये मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. आज काळारामात सर्व जण जातात आणि मंदिर तेच आहे. ज्याला अविभाज्य भाग म्हटले गेले होते, तो कधीच भाग नव्हता. तो अन्याय होता. ‘हे बदलले तर ते तेच राहणार नाही’ या विधानाला पुरावा मागायचा, हे या इतिहासातून तत्त्वचर्चेला घ्यावेच लागते.

आता बोर्ड निवडताना काय विचारायचे ते स्पष्ट होते. ‘सर्वांत चांगला कोणता’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. पुढच्या पाच-सात वर्षांत कोणता बदल होईल असे खरोखर वाटते, आणि तो झाल्यावर संगणक तोच राहायला हवा का, हे आधी ठरवावे. प्रोसेसर नंतर बदलण्याचा बेत असेल तर सॉकेटचे भविष्य पाहावे: एएम 5 वर पुढच्या पिढ्या आणण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, तर एलजीए 1700 ची वाट चौदाव्या पिढीपाशी संपली, कारण 2024 मध्ये इंटेल एलजीए 1851 कडे गेली. जास्त वीज घेणारा प्रोसेसर पुढे बसवायचा असेल तर सॉकेटभोवतीचे वीजनियंत्रणाचे घटक दमदार असावेत. स्वस्त बोर्डांवर ते अनेकदा तोकडे असतात आणि त्यांवर उष्णता पसरवणारे धातूचे ठोकळेही नसतात. प्रोसेसर न बसवताही बायोस अद्ययावत करण्याची सोय असेल तर नवा प्रोसेसर ओळखला न जाण्याची पंचाईत टळते. रॅम वाढवायची असेल तर चार स्लॉट सोयीचे. दोनच असले तरी सुरुवातीलाच दोन मोठ्या पट्ट्या घातल्या की बहुतेक घरांचे भागते.

आणि कुठलाच बदल होणार नसेल, म्हणजे संगणक अभ्यास, कार्यालयीन काम आणि चित्रपट यांपुरताच असेल, तर एच 610 किंवा ए 620 चिपसेटचा साधा बोर्ड पूर्णपणे पुरेसा आहे. जे स्लॉट कधीच भरणार नाहीत, त्यांच्यासाठी दुप्पट पैसे मोजणे हा परिग्रह आहे, आणि लॅमिंग्टन रोडपासून गावोगावच्या दुकानांपर्यंत ‘पुढे उपयोगी पडेल’ या तीन शब्दांवर तो विकला जातो. त्या पैशांत चांगला एसएमपीएस येतो. तो पुढच्या संगणकातही चालतो आणि वाईट निघाला तर बोर्डासकट सगळे घेऊन जातो.

राहतो तो काढलेला बोर्ड. मूर्तीच्या विसर्जनाचे विधान इथे उलट लागू करावे लागते: बोर्ड पाण्यातही जाऊ नये आणि अग्नीतही. त्यात तांबे आणि किंचित सोने असते, जुन्या बोर्डांच्या डागांत शिसे असते, आणि जाळला तर प्लॅस्टिकमधल्या अग्निरोधक रसायनांतून विषारी वायू निघतात. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे पोहोचायला हवा. देण्याआधी नाण्याएवढी सीआर 2032 बॅटरी काढून वेगळी द्यावी, एम.2 ची एसएसडी बोर्डावरच राहिलेली नाही ना ते पाहावे, आणि सॉकेटवर पिनांचे प्लॅस्टिकचे झाकण पुन्हा बसवावे. बोर्ड चालू स्थितीत असेल तर तो आणखी कुणाच्या तरी पहिल्या संगणकात जाऊ शकतो, आणि पिना सरळ असल्या तरच तो तिथे उपयोगी पडतो.